दत्तक गाव बोरवाडी

बोलणारी बाई बाहेरगावची होती, तिला मी काही म्हणत नाही. पण तिच्या त्या वाक्यावर पहिली टाळी वाजवली ती माझ्या पोटच्या सोमनाथनं. आई तिथंच बसलेली दिसत असून वाजवली. माझा राग आहे तो त्या टाळीवर.

सोमनाथ संभाजीनगरात राहतो. तिथल्या सेवा क्लबाचा यंदा अध्यक्ष झाला. गळ्यात बिल्ल्यांची माळ घालतो, पितळी घंटी वाजवतो, मग सभा सुरू. दर सभेला कुणीतरी पाहुणा बोलावायचा, शाल घालायची, भाषण ऐकायचं, जेवायचं अन् घरी जायचं. जेवण लई चांगलं असतं म्हणे.

या क्लबानं करमाडच्या पुढं आमच्या बोरवाडीत नळ आणला. खोटं कशाला बोलू, आणला. पण बारवेतला गाळ गावानं काढला. बायांनी टोपल्या वाहिल्या, अन् मी काठावर बसून शिव्या घालत होते म्हणून पावसाच्या आत उरकलं. मग क्लबानं मोटर बसवली, पाइप टाकला, तोट्या लावल्या. दोघांनी मिळून केलेलं काम, असंच मी धरून चालले होते.

परवा सोमनाथनं गाडी पाठवली. "आई, गावात लावायच्या पाटीचं अनावरण तुझ्या हातानं आहे. गावातली एक बाई सोबत आण." मी शेजारच्या पारूबाईला घेतलं. जालना रोडवरच्या हॉटेलातला हॉल, गारठा असा की पारूबाईनं पदर कानावरून गच्च ओढला. दारात सून मंजुषा उभी होती. तिनं आमच्या छातीवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

"काय गं हे?"

"लाभार्थी लिहिलंय आत्याबाई. सगळ्यांनाच लावतात."

"तुला नाय लावली ती?"

मंजुषाला तेवढ्यात दुसरं कुणीतरी दिसलं.

आम्हाला स्टेजवर बसवलं. बाजूच्या पडद्यावर ही मोठाली अक्षरं. मी जुळवून वाचली, 'दत्तक गाव बोरवाडी.' पारूबाई कानाशी आली. "आक्का, कोन दत्तक गेलं?"

"आपलं गाव."

"कुनाला?"

"माझ्या सोमनाथला."

"या बया! मग बारशाच्या घुगऱ्या कवा?" अन् तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मला काही हसू आलं नाही.

मग प्रेरणाताई नावाच्या पाहुण्या शाल घेऊन बोलायला उभ्या राहिल्या. गोड बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "या अनाथ गावाला आज आईबाप मिळाले." तिथं ती टाळी. सोमनाथची आधी, मग सगळ्या हॉलची. पारूबाईचं हसू जागीच विझलं.

अनाथ! बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूनं दारात चूल मांडून गावाला ज्वारीच्या कण्या घातल्या. सोमनाथ लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा याच गावानं पाळी लावून त्याला बाजेवर घालून करमाडला नेला. पारूबाईच्या नवऱ्याच्या खांद्यावर त्या बाजेचे वळ उठले होते. त्या गावाला हा आईबाप मिळाला म्हणे.

सोमनाथ माइकवर आला. "आता आईच्या हस्ते अनावरण. ही पाटी रविवारी वेशीवर, आमच्याच शेताच्या बांधावर बसणार आहे." लाल कपड्याची दोरी माझ्या हातात दिली. फोटोवाला ओरडला, "आजी, इकडं बघा, हसा!"

मी दोरी सोडून दिली.

"काय झालं आई? ओढ ना."

"पाटीवर तेच लिहिलंय का, पडद्यावर आहे ते?"

"हो. खाली क्लबचं नाव."

"बोरवाडीचा बाप मेला का आई पळून गेली?"

माइक चालूच होता. हॉलभर ऐकू गेलं. सोमनाथ माइकवर हात ठेवून पुटपुटला, "आई, घरी बोलू. इथं दत्तक म्हणजे जबाबदारी घेणं. तसा शब्दच आहे."

"इथं म्हणजे कुठं रे? तुझ्या पुंजाराम चुलत्याला वैजापूरला दत्तक दिलं होतं. तुझी आजी गेली तवा तो आला अन् परक्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. सख्ख्या आईच्या तोंडात पाणी घालायचा हक नव्हता त्याला. त्याला म्हणतात दत्तक. घर बदलतं, नाव बदलतं, जन्म देणारी परकी होते. अन् तू हा शब्द वेशीवर रोवणार? येणाराजाणारा वाचंल!"

"आई, लोक बघतायत."

"बघू दे की. लोकांना दाखवायलाच आणलंस ना मला?"

प्रेरणाताई अर्धवट उठल्या. "मावशी, माझं काही चुकलं असेल तर..."

"तुम्ही बसा बाई. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही बोललात. सांगणारा हा."

सोमनाथचा हात घंटीकडं गेला, सभा संपवायला. मी घंटी उचलून पारूबाईच्या मांडीवर ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मग काय लिहू पाटीवर, ते तरी सांग," तो म्हणाला. कपाळाला घाम, एवढ्या गारठ्यात.

मी छातीवरची चिठ्ठी उपटली अन् त्याच्या त्या बिल्ल्यांच्या माळेवर चिकटवली.

"काही लिहू नको, सोमनाथ. नळ राहू दे, गाव पाणी पिईल अन् तुझ्या क्लबाला दुवा देईल. पण बोरवाडीला आई आहे, अन् ती तुझ्यासमोर उभी आहे. त्या पाटीसाठी माझ्या बांधावर कुदळ पडली, तर गाव नाय, तूच दत्तक गेलास असं मी धरीन. मी मेल्यावर ये, भिंतीला टेकून उभा राहा अन् जा. माझ्या तोंडात पाणी पारूबाई घालंल."