शंभर पावलं

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं बाबा मी लहान असल्यापासून म्हणतात. त्या सकाळी तर मी खड्ड्याभोवती इतक्या चकरा मारल्या, की देवस्थान समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, जरा बसा हो. मलाच गरगरायला लागलंय."

बसणार कशी? बाबा देवळं बांधणारे स्थपती. आधी जमीन पारखायची, मग आराखडा, हा त्यांचा शिरस्ता. हातभर खोल खड्डा खणायचा, काठोकाठ पाणी भरायचं, शंभर पावलं जायचं आणि शंभर परत यायचं. तेवढ्यात पाणी चार बोटांहून जास्त उतरलं, तर जमीन बाद. वर्षभरात त्यांनी अशा तीन जागा बाद केल्या होत्या. ही चौथी. अध्यक्षांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "काका, तुमचा मान आहेच. पण हीही नापास झाली तर आम्ही दुसरा माणूस बघू." पंचाहत्तरीला आलेल्या बाबांना मग कोण देऊळ देणार होतं?

पाणी भरलं. बाबा निघाले, पाठ ताठ, गुडघा जपत. मी खड्ड्यात बघत होते. पाणी दोन बोटं उतरलं. वर पाहिलं, तर बाबा अजून शंभर पावलांवरच्या कुंपणापर्यंतही पोचले नव्हते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी मी चहाचं आधण ठेवलं, की उकळी फुटायच्या आत बाबा कोपऱ्यावरून दूध घेऊन यायचे. हल्ली ते निघाल्यावर मी दहा मिनिटं थांबून आधण ठेवते. रोज ठेवते! आणि तीन जागा गेल्या तरी मला हे सुचू नये? जमिनीत काही खोट नव्हती. बाबा म्हातारे झाले होते.

गप्प बसले तर काम जाणार, बोलले तर बाबा दुखावणार. पाय काही ठरायची वाट बघेनात. मी धावत त्यांना गाठलं.

"मोजताना बोलू नये," ते पुटपुटले.

"बाबा, जमीन पाणी पीत नाहीये. तुम्हाला वेळ लागतोय."

"मला शिकवतेस?"

"कोपऱ्यावरून दूध आणायला हल्ली किती वेळ लागतो?"

ते थांबले. गुडघ्यावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे त्या तीन जागा..."

मी त्यांचा हात धरून त्यांना खड्ड्याकडे वळवलं.

खड्ड्यापाशी येऊन त्यांनी स्वतःच अध्यक्षांना सांगितलं, "चूक माझी आहे. शेजारी नवा, कोरडा खड्डा खणा, पाणी भरा. या वेळी माझ्याऐवजी ही पावलं मोजत चालेल." आणि मला म्हणाले, "भिंगरीसारखी नको. माझ्या जुन्या चालीनं. तशी चालता येते ना?"

न येऊन कसं चालेल? लहानपणी त्यांच्या एका पावलाला माझी दोन पडायची. मी चालू लागले. परतीच्या ऐंशीव्या पावलाला वाटलं, ही संपली की बाबांची पावलं संपली. जन्मात पहिल्यांदा मला सावकाश चालावंसं वाटलं. पण सावकाश चालले तर पाणी उतरणार होतं.

पाणी दोन बोटं उतरलं होतं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी खड्ड्यात पाहिलंच नाही. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"अस्सा चालायचो मी," ते म्हणाले आणि खणलेल्या मातीच्या ढिगावर बसले. कामाच्या जागी त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "आता त्या बाद केलेल्या तिघी जमिनींची माफी मागायला हवी. तू हो पुढे. मी येतो मागून."