अस्सल चामड्याची बॅग

लेझर कटरवर काम करणाऱ्या लेकीचा एकच नियम होता, आणि त्यापायी तिने चांगली चांगली गिऱ्हाइकं घालवली होती. तारेची परीक्षा झाल्याशिवाय मशीनखाली काही जायचं नाही, मग माल कुणाचा का असेना. आज समोर आई बसली होती, मांडीवर वडिलांची तपकिरी बॅग घेऊन.

"चार तुकडे काप. चौघा भावंडांना एकेक. वर बाबांची सही उमटव."

वडील जाऊन वर्ष झालं होतं. या बॅगेचं त्यांना कोण कौतुक! घरी कुणी आलं की आधी बॅग, मग पाणी. "हात लावून बघा, अस्सल चामडं!" पोरं पाठीमागे नक्कल करायची.

आता अस्सल चामड्याला कसली परीक्षा? पण नियम तो नियम. तिने तांब्याची तार ज्योतीत लाल केली, बॅगेच्या पट्ट्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार. दुसऱ्या कोपऱ्यालाही तेच.

हिरवं म्हणजे क्लोरीनवालं प्लॅस्टिक. लेझरखाली त्याचा विषारी धूर होतो, माणसाची छाती जाळतो, मशीन गंजवतो. मशीनचा प्रश्न सोपा होता, घालायचंच नाही. पण बाबा तीस वर्षं प्लॅस्टिक मिरवत होते, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"आई, मशीन जरा बिघडलंय."

"खोटं बोलताना तू कान खाजवतेस. हिरवी झाली ना ज्योत?"

लेकीने कानावरचा हात खाली घेतला.

"मीच आणली होती, त्यांच्या बढतीला. खऱ्या चामड्याची ऐपत कुठली! अस्सल म्हणून ठोकून दिलं. म्हटलं, दोन दिवसांत कळेल. तर हा माणूस गावभर सांगत सुटला! मग काय सांगणार, कप्पाळ?" आई हसली आणि हसता हसता रडायला लागली.

लेकीने मशीन झाकलं. पट्टी आणि सुरी घेऊन चार तुकडे हाताने कापले, दाभणाने सही कोरली. संध्याकाळ झाली.

रविवारी थोरल्या भावाने आपला तुकडा नाकाला लावला. "याला म्हणतात अस्सल चामडं!" हुबेहूब बाबांचा आवाज, पण या वेळी नक्कल नव्हती. त्याचे डोळे भरले होते.

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

"अस्सलच," लेक म्हणाली. कानाकडे निघालेला हात तिने खिशात घातला.