मुरायला ठेवलेली बोर्दो

नायगावच्या सदानंदांनी जन्मात वाइन चाखली नव्हती. पण लेक उन्नती सांडोरच्या स्टीवनला दिलेली, आणि व्याही आलोशियस घरी जांभळाची वाइन करणारे. पहिल्याच पाहुणचाराला पेढे नेऊन हसं करून घ्यायचं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "काका, नवखे असाल तर बोजोले घ्या, हलकी आहे, आजच प्या. ही बोर्दो कोवळी आहे, दहा वर्षं मुरू द्यावी लागेल."

मुरू द्यायची म्हणताच सदानंदांना लोणच्याची बरणी आठवली. त्यांनी बोर्दोच उचलली.

सांडोरला व्याह्यांच्या अंगणात, केळीच्या सावलीत आलोशियसनी बाटलीवरचं साल वाचलं. "सदानंदराव, ही तर कच्ची कैरी आणलीत!"

सदानंदांचा चेहरा उतरला. तशी विहीणबाई सेलिन म्हणाल्या, "राहू दे मुरत. उद्या नातवंड झालं की त्याच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला उघडू."

"की मुंजीला?" सदानंदांनी हळूच खडा टाकला.

"मग दुसरी बाटलीही आणा!" आलोशियस खदखदून हसले.

बाटली तांदळाच्या कणगीआड आडवी निजली. जांभळाच्या पहिल्याच घोटाला सदानंदांचे डोळे मिटले, आणि केळीच्या सळसळीतून ते अजून न झालेलं नातवंड इवल्या पावलांनी धावत आल्यासारखं वाटलं.