उजनीच्या काठावरचा एडका

इंदापुरातल्या चाळीसेक बायका सकाळी सकाळी, स्पीकर बंद असताना, तासभर अवाक्षर न काढता पडून राहिल्या असं सांगितलं तर एस.टी. स्टँडवरचा चहावालासुद्धा खरं मानणार नाही. तुम्हीही मानू नका. पण सोनबाआबांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि घडवलंही त्यांनीच.

त्याचं असं झालं. आबांची नात सृष्टी सकाळी इंदापूरच्या एका हॉलमध्ये बायकांचा झुंबाचा क्लास घ्यायची आणि संध्याकाळी बारामतीच्या जिममध्ये लोखंडी बार डोक्यावर उचलायची. राज्याच्या संघात जायचं, हे तिनं मनात धरलं होतं. निवड रविवारी होती, बारामतीतच. रोज पहाटे तिच्या स्कूटरवर मागं बसून आबाही इंदापूरला यायचे; निमित्त सोबतीचं, खरं कारण स्टँडवरची भजी.

बुधवारी घोटाळा झाला. मागल्या आठवड्यात सहज उचललेलं वजन सृष्टीच्या छातीपर्यंत आलं आणि तिथूनच खाली आदळलं. परत उचललं, परत आदळलं. शिकवणाऱ्या कुंडलिक सरांनी प्लेटा काढून ठेवल्या नि बजावलं, "रविवारपर्यंत बार नाही आणि उड्याही नाहीत. अंग दमलंय तुझं, ताकद कुठं गेलेली नाही. झोपा काढ."

पोरीनं निम्मंच ऐकलं. बार सोडला, उड्या धरून ठेवल्या.

"झुंबा म्हंजे काय वजन हाय व्हय, आबा? बायका वाट बघत्यात. मागं एक दिस सुट्टी घेतली तर निम्म्या जणी आठवडाभर फिरकल्या न्हाईत."

पण घरचा जिना उतरताना तिनं भिंत धरली होती, ते आबांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस; कुठली मेंढी दमलीय ते त्यांना पायावरून कळायचं. आणि दमलेल्या मेंढीला एकटीला बसवता येत नाही, हेही ठाऊक होतं. कळप चालत असला की ती पाय ओढत का होईना, मागं चालतेच. तिला बसवायची तर अख्खा कळप बसवावा लागतो.

गुरुवारी सृष्टीनं स्पीकर लावला आणि आबा भजी अर्धी टाकून हॉलात शिरले. वायर उपसली, खिशात घातली.

"आज क्लास बसायचा."

"बसायला घरी सोफा हाय, आबा!" पहिल्या रांगेतून द्वारकाबाई कडाडल्या. घाम निघाल्याशिवाय त्या घरी जात नसत.

"द्वारकाबाई, तुमच्या सासऱ्याच्या रानात आमची मेंढरं बसायची का न्हाय?"

"बसायची की. मामंजी हात जोडून बोलवायचे. वर धान्य द्यायचे."

"मग मेंढरं काय नांगरत हुती व्हय रातभर?"

"न्हाय. लेंड्या टाकत हुती," द्वारकाबाई म्हणाल्या आणि हॉल हसून लोळला.

"आन् पुढल्या साली ज्वारी?"

"माणूस दिसत नव्हता त्यात," द्वारकाबाईंना कबूल करावं लागलं.

"मग! जोर बसल्यानं येतो. पडा समद्या. जी हलंल तिला गोष्ट न्हाय."

गोष्ट म्हटल्यावर मॅट पसरले. सृष्टी तेवढी उभी. "आबा, वायर द्या."

"मॅडम, पडा की," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमी उभ्या तर आमाला पडायची लाज वाटती."

मग तीही पडली.

"माझं लगीन व्हायच्या आधीची गोष्ट," आबांनी सुरू केलं. "भिगवणला उजनीचं पाणी नजर पोचंल तितवर पसरलेलं. कळप पलीकडं न्यायचा आन् नाव न्हाय. मी एकेक मेंढी खांद्यावर घेऊन पोहत निघालो. पर एक पोचवून माघारी आलो की काठावर आडवा. दम जागेवर आला की दुसरी. शेवटी ऱ्हायला एडका, रेड्याएवढा. तवा तर असा झोपलो, की रोहित पक्षी मला खडक समजून पोटावर एका पायावर उभं ऱ्हायलं."

कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज आला. आबांनी मान वळवून पाहिलं. सृष्टी. त्यांनी गोष्ट तिथंच ठेवली. एडका काठावर, आपण पक्ष्यांखाली.

शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. पक्षी वाढत गेले, एडका फुगत गेला, पण पाण्यात काही उतरला नाही.

रविवारी बारामतीत सृष्टीनं ते वजन डोक्यावर नेलं, मग त्याहून जास्तही, आणि तिथं धरून हसली. संघात नाव आलं. टेम्पो करून आलेल्या द्वारकाबाईंचा ओरडून ओरडून घसा बसला.

सोमवारी स्पीकर लागायच्या आधीच त्या बसक्या आवाजात म्हणाल्या, "आबा, न्या बाबा तो एडका पलीकडं. जीव अडकलाय आमचा."

आबांनी छाती फुगवली. "उठलो. पक्षी उडालं. एडका एका हातावर तोलला, पोरीनं काल बार तोलला तसा, आन् उतरलो. पाणी छातीला, पाणी गळ्याला..."

"आबा," वायर जोडता जोडता सृष्टी म्हणाली, "मी गुरुवारीच इचारणार हुते. पर इचारलं असतं तर उठावं लागलं असतं. तुमी पोहत हुता तितनंच आजीची वरात बैलगाडीतनं आली, साऱ्या वाटंनं फुफाटा उडत हुता म्हणायची. तुमच्या लग्नाला उजनीचं धरणच झालं नव्हतं. पाणी कुठलं?"