इसाकभाईंचा मुतखडा

चिमटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चूल येते, भाकरी येते. मित्रांनो, मी त्या घरचा नव्हे. मी नाशिकच्या एका दवाखान्यातला जुना पोलादी चिमटा आहे. हातभर लांब, बोटापेक्षा बारीक, पुढे बदकाच्या चोचीसारखा वाकलेला, त्या चोचीत दात आणि मागे फिरवायचं एक चाक. माझं काम ऐकलंत तर तुम्ही नाक मुरडाल. लघवीच्या वाटेने अलगद आत शिरायचं, मूत्राशयात पडलेला खडा चोचीत धरायचा, डॉक्टरांनी चाक फिरवलं की त्याचे तुकडे करायचे आणि गुपचूप बाहेर यायचं. पोट चिरायला नको, टाके घालायला नकोत. हसू येतंय ना? खुशाल हसा. ज्याला मुतखडा झालेला असतो तो मात्र मला कधी हसत नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या भट्टीत मला तापवलं, ठोकलं, घासलं, आणि मखमली पेटीत झोपवून बोटीवर चढवलं. मुंबईहून आगगाडीने घाट चढून आलो तेव्हा इगतपुरीच्या पावसाने पेटीला बाहेरून बुरशी आली होती. डॉक्टर दिवाकर गर्गे यांनी पेटी उघडली, मला उजेडाकडे धरून चोहीकडून न्याहाळलं आणि स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. दवाखान्यातल्या परिचारिका गोदावरीबाई मला 'आमचे चिमटेराव' म्हणत. रोज कपाटातून काढून तेलाचं बोट फिरवत आणि काम असलं की आधी उकळत्या पाण्यात बुडवत. सुरुवातीला मला राग यायचा. एवढा विलायतेहून आलो, आणि ही बाई मला बटाट्यासारखं उकडते! पण त्या उकळण्यामुळेच रोग्याला ताप चढत नाही हे पुढे कळलं, आणि मग मी मुकाट्याने उकडून घेऊ लागलो.

माझी जागा काचेच्या कपाटात होती. तिथून डॉक्टरांची सगळी खोली दिसायची. सन चौतीसच्या उन्हाळ्यात एक टांगेवाला कमरेत वाकून त्या खोलीत आला. त्याचं नाव इसाक. नाशिकरोडच्या स्टेशनावरून यात्रेकरूंना पंचवटीत नेऊन सोडायचं, हा त्याचा धंदा. बरगडीखालून जांघेपर्यंत अशी कळ उठत होती की बिचारा धड उभा राहू शकत नव्हता, धड बसू शकत नव्हता. बरोबर त्याची बायको हुस्नबानो होती. तो कण्हायला लागला की ही त्याच्यावरच चिडायची, आणि चिडता चिडता पदराने त्याचा घाम टिपायची.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. खडा मूत्रपिंडातून निघून खालच्या नळीत अडकला आहे. लहान दिसतो, तेव्हा चिमट्याचं किंवा चाकूचं आत्ता काम नाही. कळ थांबायला औषध घ्यायचं, तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचं आणि वाट बघायची. हुस्नबानोने विचारलं, हुलग्याचा काढा चालेल का? डॉक्टर म्हणाले, चालेल की, तेवढंच पाणी पोटात जाईल. फक्त लघवी फडक्यातून गाळत जा आणि खडा सापडला की मला आणून दाखवा.

आता मित्रांनो, टांगेवाल्याच्या घरी हुलगे कशाला असतात, सांगा बरं? घोड्यासाठी! इसाकचा घोडा काळू, टांग्यासकट मालकाचा, पण बांधलेला इसाकच्याच दारात; त्याचा खुराकच हुलग्यांचा. आणि घरात धडसं फडकं एकच, काळूचे हुलगे ज्यात बांधून ठेवायचे ते. इसाकने तेच झटकलं आणि लघवी गाळायला घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ थांबली आणि फडक्याच्या घडीत तांबूस, चपटा, टणक असा एक खडा मिळाला. घरात आनंदीआनंद झाला. टांग्यांच्या अड्ड्यावर बत्तासे वाटले. हुस्नबानोने खडा काडेपेटीत कापसावर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटली. डॉक्टरांकडे जायचं मात्र दोघंही विसरली. बरं वाटल्यावर दवाखान्याची आठवण कोणाला होते?

इसाकचं जुनं रहाटगाडगं पुन्हा सुरू झालं. हे टांगेवाले स्टेशनाबाहेर रांगेने उभे राहत. जो पाणी प्यायला किंवा लघवीला रांगेतून बाजूला झाला त्याचा नंबर गेला, मागचा पुढे सरकलाच. म्हणून इसाक सकाळी पाणी प्यायचा तो थेट घरी आल्यावर. वाटेत हौद लागला की काळूला मात्र आठवणीने पाणी पाजायचा, त्याच्या मानेवरून हात फिरवायचा. स्वतः तसाच कोरडा. मला त्याचा राग येतो आणि मायाही वाटते.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी शौकत नावाचा दुसरा टांगेवाला इसाकला अक्षरशः उचलून घेऊन आला. लघवी पूर्ण बंद झाली होती, पोट तट्ट फुगलं होतं, चेहरा राखेसारखा झाला होता. डॉक्टरांनी रबरी नळी घालून आधी त्याला मोकळं केलं. मग लोखंडी सळई आत घालून चाचपलं, तर टक्‌ असा आवाज आला. कपाटातल्या आम्हां सगळ्या हत्यारांना तो आवाज ओळखीचा होता. खडा मूत्राशयात होता, आणि चांगला सुपारीएवढा.

हुस्नबानो मानायलाच तयार नव्हती. खडा तर तेव्हाच पडला, हा बघा म्हणत तिने काडेपेटी पुढे केली. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, त्यांच्या मिशा जराशा हलल्या. त्यांनी तो खडा वाटीत ओल्या कापसावर ठेवला आणि वर झाकण घातलं. तिसऱ्या दिवसापर्यंत वाटीला कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं आणि वाटी इसाकच्या डोळ्यांपुढे धरली.

"इसाकभाई, तुमच्या मुतखड्याला मोड आलाय."

पांढराशुभ्र, इवलासा मोड. गोदावरीबाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. शौकत भिंतीला टेकून हसला. खुद्द इसाकसुद्धा हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले. हुस्नबानोने शरमेने मान खाली घातली. मग डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, "चूक माझीही आहे, बाई. फडक्यातून गाळा म्हणालो, कुठलं फडकं ते सांगितलं नाही."

खरा खडा नळीतून खाली उतरला म्हणून कळ थांबली होती. मूत्राशयात तो बसून राहिला, आणि पाण्यावाचून दोन वर्षं वाढत गेला. आता हुलगे आणि पाणी यांनी भागण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. चिमट्याने फोडायचा, म्हणजे आठवड्याभरात माणूस घरी. नाहीतर ओटीपोट चिरून काढायचा, मग महिनाभर तरी खाट सुटायची नाही. खडा फार टणक असला तर दुसरीच वाट बरी, कारण माझा जबडा आत मोडला तर रोग्याच्या जिवाशी गाठ होती.

इसाकने डॉक्टरांचा हात धरला. "चिरू नका डाक्टरसाहेब. महिनाभर पडून राह्यलो तर मालक काळूला दुसऱ्याच्या हाती देईल. त्यो चाबकाचा घोडा नाय. मार खाऊन मरंल त्यो."

डॉक्टरांनी मला कपाटातून काढून माझे दात बोटाने चाचपले. मग म्हणाले, "आधी चिमट्याने बघतो. पण खडा ऐकेना, तर मी हट्ट धरणार नाही, चिरणार. कबूल?"

"कबूल."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. कमरेत सुई टोचून इसाकचं खालचं अंग बधिर केलं होतं, पण तो जागा होता. मूत्राशय पाण्याने भरून डॉक्टरांनी मला आत सोडलं. मी अंधारात चोच उघडली, खडा धरला. चाक फिरलं. खडा हलेना. पुन्हा फिरलं. माझ्या सर्वांगातून कळ गेली, चोच वाकतेय हे मला कळत होतं. डॉक्टरांनाही हाताला कळलं असावं. त्यांनी चाक सैल केलं आणि चाकूच्या तबकाकडे पाहिलं. उशाशी गोदावरीबाई इसाकला काळूबद्दल काहीबाही विचारत होत्या, आणि तो सांगत होता की काळू त्याच्या हातून गूळ खातो, दुसऱ्याने दिला तर थुंकून टाकतो.

डॉक्टरांनी मला जरासं वळवून खडा दुसऱ्या अंगाने धरायला लावला आणि म्हणाले, एकदाच, शेवटचं. मी जीव खाऊन दात रोवले. कर्र झालं आणि खडा दुभंगला! पुढचे तुकडे करायला मग वेळ लागला नाही. पिचकारीने पाणी सोडून सगळी खडी धुऊन काढली. गोदावरीबाईंनी बशीत टाकलेला प्रत्येक तुकडा हुस्नबानोने स्वतः निरखून पाहिला. यात हुलगा नाही ना, एवढंच तिने विचारलं.

इसाक आठवड्यात घरी गेला आणि काळू त्याचाच राहिला. माझी चोच मात्र वाकली ती कायमची. असल्या चोचीने आतून इजा होईल म्हणून डॉक्टरांनी मला कामावरून काढलं. नवा चिमटा आला, तो माझ्या मखमली पेटीत निजू लागला, आणि मी खालच्या फळीवर गेलो. गोदावरीबाईंचं तेलाचं बोट हळूहळू थांबलं. वाईट वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी इसाक डॉक्टरांना भेटायला आला. अंगाने भरला होता. त्याने सांगितलं की अड्ड्यावर आता नवा रिवाज पडला आहे. ज्याला पाणी प्यायला किंवा मोकळं व्हायला जायचं असेल त्याने आपला चाबूक टांग्याच्या बैठकीवर आडवा ठेवून जायचं. तो परत येईपर्यंत त्याचा नंबर कोणी घेत नाही. शौकतने आधी हुज्जत घातली, आणि आता सगळ्यांत जास्त वेळा चाबूक ठेवून जातो तोच. डॉक्टर खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे औषध मला सुचलं नव्हतं, इसाकभाई."

म्हणून सांगतो, मित्रांनो. तहान लागली की पाणी प्या. शाळेत उठायची लाज वाटते म्हणून लघवी दाबून बसू नका. पोटात कळ आली तर घरचा काढा जरूर घ्या, पण डॉक्टरांना दाखवायचं टाळू नका. आणि शेजारचा कोणी पाणी प्यायला उठला तर त्याची जागा राखा. एवढं सगळ्यांनी केलं, तर आम्हां चिमट्यांना काम उरणार नाही, अंगावर गंज चढेल. चढू दे. मला चालेल.