सहाशे गाठी

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईंचं जहाज चौदा महिने जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला अडून बसलं होतं. मोठ्या हौसेनं आणलेला लाकडी संच. तळ, फळ्या, तीन डोलकाठ्या, सगळं झपाट्यानं उभं राहिलं आणि घोडं अडलं ते दोरशिड्यांपाशी. शिड्या सहा, एकेकीला वीस पायऱ्या, पायरीला पाच गाठी. म्हणजे केसाएवढ्या दोऱ्याच्या सहाशे गाठी! दोन शिड्या झाल्या आणि बाईंचा हात आखडला. दिवसभर मेणात दात बसवून आल्यावर संध्याकाळी पुन्हा चिमटा धरवेना. मग जहाजावर एक जुनी चादर आली, आणि मग काय, दृष्टीआड सृष्टी.

अशात नणंदेचा पाय मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर, आणि तिच्या घरी जिने तीन. "इथेच राहा वन्सं," बाई म्हणाल्या आणि नवऱ्यानं पलंग टेबलाशेजारच्या खिडकीत लावला.

वन्संची सारी नोकरी टपालात पार्सलं बांधण्यात गेली होती. रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चार दिवसांत घरातली सगळी बटणं शिवून झाली, कपाटातल्या पिशव्यांच्या घड्या झाल्या. मग त्या गप्प झाल्या. वन्सं गप्प म्हणजे पाणी मुरतंय, हे बाईंना कळायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी चहा पिताना वन्संच म्हणाल्या, "काय गं, त्या चादरीखाली बघतेस की नाही कधी?"

बाईंनी चादर उचलली. तिसरी शिडी पूर्ण झाली होती. वीसच्या वीस पायऱ्या, जाड, दणकट, प्रत्येक गाठ दुहेरी. दोरा इतका आवळला होता की मधली डोलकाठी वाकून बघत होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोडक्या पायाच्या माणसाला बोलायचं तरी काय! त्यांनी खुर्ची ओढली, भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला आणि एकेक गाठ सोडवायला बसल्या.

"चुकलं का गं?"

"चुकलं नाही. तुम्ही जहाजाचं पार्सल केलंत."

वन्सं आधी ओशाळल्या, मग त्यांना हसू फुटलं. "मला वाटलं, शंभर कमी झाल्या तर तुला हुरूप येईल."

गाठी सोडवायला चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी बाई कामावरून आल्या, हातपाय धुतले आणि कुणी न सांगता चिमटा घेऊन बसल्या. रागात का होईना, हात वळणावर आला होता. दोन पायऱ्या झाल्या. तिसरीला हात घालणार, तोच वन्संनी दोऱ्याची रिळं उचलून मांडीत घेतली.

"बास. उद्या."

"अहो, आत्ता कुठे जमतंय!"

"म्हणूनच. पोट भरेस्तोवर खाल्लं की दुसऱ्या दिवशी ताट बघवत नाही. दोनच."

बाई चडफडल्या, पण दुसऱ्या दिवशी कवळ्या घासताना त्यांचं मन राहिलेल्या त्या तिसऱ्या पायरीपाशीच होतं. पुढे तो नेमच झाला. वन्सं दोऱ्याचं टोक ताणून धरायच्या आणि जुन्या साहेबांच्या नकला करायच्या. बाई हसू दाबत गाठी मारायच्या. दोन पायऱ्या आणि उठायचं. प्लास्टर निघालं, तरी वन्सं "पायाला सराव हवा" म्हणत आणखी राहिल्या. त्या गेल्या तेव्हा एकच शिडी उरली होती.

आणि येरे माझ्या मागल्या. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी पाहुणे. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"आज किती?"

"दोन," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"शाब्बास!" वन्संचा आवाज इतका खूश होता की बाईंना स्वतःचीच लाज वाटली. फोन ठेवला आणि त्या थेट टेबलाशी गेल्या. खोटं खरं करण्यापुरत्या दोन पायऱ्या बांधल्या आणि उठल्या. पुढचे नऊ दिवस फोन आला नाही. त्याची गरजही पडली नाही.

रविवारी दुपारी शिडं चढली. नवऱ्यानं श्वास रोखून जहाज कपाटावर ठेवलं, चार पावलं मागे सरून बघितलं.

"आता पुढे काय करणार?"

"काही नाही," बाई पाय पसरून बसत म्हणाल्या. "आता बघत बसणार."

आणि त्या खरोखरच चहा निवेपर्यंत बघत बसल्या.