तहानेचा रकाना

"काका, आज चाखायला तुम्ही बसा," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, आणि डिंककाकांच्या हातातला ट्रे कपांसकट हिंदकळला.

"मी? छे छे! बनवणाऱ्यानं चाखायचं नसतं, मॅडम. तुम्ही जन्मलाही नव्हतात तेव्हापासूनचा नियम आहे हा."

नियम खराच होता, आणि शहाणपणाचाही. आपल्या हातचं कुणाला वाईट लागतं हो? बियांतून, सालींतून चिकट द्रव्य काढायचं, ते घालून पदार्थ दाट करायचे आणि दाटपणा यंत्रावर मोजायचा, हे त्या प्रयोगशाळेचं काम. चौतीस वर्षांत काकांनी किती सॉस, किती जॅम, किती आइस्क्रीमं दाट केली याला गणती नाही. जिभेवर मात्र थेंब ठेवला नाही. शास्त्रज्ञ आले, मोठे होऊन गेले, काका आपले बिया भिजवत राहिले. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं, बाकी सगळ्यांचे ते डिंककाका.

"चाखणाऱ्यांतल्या दोघी आजारी पडल्यात," मॅडम काकुळतीला आल्या. "आज अहवाल गेला नाही तर इस्पितळांना पुडी मिळायला वर्ष लागेल. आणि शुक्रवारी तर तुम्ही निवृत्त! आता कसला नियम घेऊन बसलात?"

पुडी जवसाची होती. ज्यांना पाणी गिळताना ठसका लागतो, पाणी छातीत उतरतं, त्या रुग्णांचं पाणी दाट करायला. काका खुर्चीत बसले. या पुडीची ओळख त्यांना कुणी करून द्यायला नको होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची उजवी बाजू गेली तेव्हा असलीच पूड त्यांनी घरी केली होती.

घरी यंत्र नव्हतं, म्हणून दाटपणा मोजायला बिनसुईची सिरिंज. तोंडाशी बोट लावून दहाच्या खुणेपर्यंत दाट पाणी भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंद मोजायचे. आत आठच्या खुणेपर्यंत पाणी उरलं तरच पेला बायकोच्या हातात. सात महिने त्यांनी एक पेला चुकू दिला नाही. लेक म्हणायची, "बाबा, आईचं किती करता हो तुम्ही!" काकांना ते गोड लागायचं. खोटं कशाला बोला?

बायको मात्र वैतागलेली. "तुमचं पाणी चावावं लागतं हो," ती अडखळत म्हणायची. "दोन चमचे साधं द्या की."

"आणि ठसका लागला म्हणजे?"

"सिस्टर म्हणाल्या ना... तोंड स्वच्छ धुऊन, बसवून, दोन चमचे चालतील."

"सिस्टरला काय जातंय बोलायला! निस्तरायचं मला."

एकदा ती हसली होती. अर्ध्या ओठानंच, पण मनापासून. "जन्मभर रांधलं मी. चाखल्याशिवाय वाढलं का कधी तुम्हाला? आणि तुम्ही मला हे न चाखता पाजताय. एक घोट घेऊन तर बघा."

"बनवणाऱ्यानं चाखायचं नसतं," काका म्हणाले होते. वर आणि हसलेही होते!

ती गेली ती ठसक्यानं नाही. एका दुपारी काळीज थांबलं, बस्स. उशाशी पेला झाकलेला होता, आठच्या खुणेवर तंतोतंत उतरलेला.

"घ्या काका," मॅडमनी कप पुढे केला.

काकांनी घोट घेतला. पाणी घशाखाली उतरेचना. टाळूला, दातांच्या मागे, गालांच्या आत नुसता बुळबुळीत थर. त्यांनी गिळलं, पुन्हा गिळलं. एक कप संपला, दुसरा संपला, आणि घसा होता तसाच कोरडा. सात महिने! रोज आठ पेले!

समोर कागद होता. रंग, वास, चव, दाटपणा. काकांनी सगळीकडे चांगले गुण दिले, कारण पूड चांगलीच होती. मग खिशातली पट्टी काढून कडेला त्यांनी एक रकाना आखला.

"हे काय काका?"

"तहान." त्यांनी खाली लिहिलं: भागत नाही.

"अहो, तहान कशी मोजणार? आणि हे वाचून वर अडवून धरतील ना!"

"पूड अडवू नका. जीव वाचतो तिनं. फक्त पुडीवर एक ओळ छापा, की डॉक्टरांना विचारा, तोंड धुऊन चमचाभर साधं पाणी देता येईल का ते." काकांनी पट्टी खिशात ठेवली. "विचारा म्हणावं. मला सांगितलं होतं हो. मीच दिलं नाही."

 मॅडमनी कागद घेतला, ती ओळ स्वतःच्या अक्षरात खाली उतरवली आणि सही केली.

काका उठून बेसिनशी गेले. सवयीनं आधी खळखळून चूळ भरली. मग चाखायचा चमचा नळाखाली धरला आणि साधं पाणी प्यायले. पुन्हा एकदा भरला, प्यायले.

दोन चमच्यांत तोंड गार झालं. नळ बंद करून ते तिथेच उभे राहिले, चमचा हातात धरून.